कडू काढलेली मुळी

चरबी कशी फुटते यावर मी संशोधन करायचो, असं सांगितलं की लोक आधी माझ्या पोटाकडे बघतात. बघा बापडे! साठ सालाच्या आसपासची गोष्ट. पुण्याच्या प्रयोगशाळेत मी उंदराच्या चरबीचा तुकडा कोमट द्रावणात ठेवायचो, वर कुठल्यातरी औषधी झाडाचा अर्क घालायचो, आणि चरबी फुटून आम्ल सुटतंय का ते तपासायचो. वर्षभर काही म्हणता काही सुटलं नाही. मग मुळशीच्या डोंगरातली एक कडूजहर मुळी हाती लागली, आणि सुटलं की हो! सर म्हणाले, "परत करून दाखव, मग त्यातलं नेमकं द्रव्य वेगळं काढू. नाहीतर मार्चअखेर तुझी शिष्यवृत्ती बंद." आणि मुळी तर संपलेली.

ती दिली होती डोंगरातल्या एका वाडीवरच्या मावशींनी. आणखी मुळी हवी, असा त्यांना निरोप धाडला आणि एसटीनं पौड गाठलं, पुढे पायी. पाऊस सरला होता. झुडपं वाळून गेली की मुळी शोधायची कुठे, या धास्तीनं मी जवळजवळ पळतच गेलो. मावशी दारातच उभ्या होत्या.

"या भाऊ. तुमाला डोंगर चढाय नगं. हुती न्हवती ती समदी काडून ठिवलीया."

टोपलीभर! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हात घातला, तर आत चकत्या. पांढऱ्याफटक, मऊ, ओल्या.

"हे काय केलंत, मावशी?"

"कडू काडलं. राखंत शिजवली, मंग फडक्यात बांदून रातभर वढ्याच्या पाण्यात ठिवली. पावण्याला कडू देत्यात व्हय?"

रानातला कुठलाही कंद त्या असाच करून खात. मी औषधाला हवी म्हणालो होतो. औषध म्हणजे पोटात घ्यायचं, मग ते घशाखाली उतरायला नको? कपाळ! माझं सगळं त्या कडूतच होतं, आणि ते ओढ्यानं नेलं.

"कपारीत एखादी राहिली असेल?"

"एक बी न्हाई," त्या अभिमानानं म्हणाल्या. कोपरापर्यंत हात खरचटलेले. रागवायचं तरी कुणावर? रडावंसं वाटलं, तेही जमेना.

त्यांनी पानावर मीठ घातलं, एक चकती पुढे केली. मी चावली. रताळ्यासारखी लागली, कडवटपणाचा मागमूस नाही.

"गोड झाली न्हवं?"

"व्हय मावशी," मी म्हणालो, "लई गोड." आणि त्या बघत होत्या म्हणून दुसरी उचलली.