इस्त्री केलेली नोट
लाँड्रीपाशी गरम इस्त्रीचा वास आला की आखातात नोकरीला असतानाची, करामा वस्तीतल्या आमच्या खोलीतली ती सुट्टीच्या शुक्रवारची सकाळ आठवते. मला जुन्या अमेरिकन नोटा जमवायचा नाद होता. खोलीतल्या कोकणातल्या मित्राने माझी शंभर वर्षांपूर्वीची, मळकी डॉलरची नोट साबणाने धुतली आणि शर्टांबरोबर तिलाही इस्त्री केली. "बघ, कशी कोरी करकरीत झाली," तो कौतुकाने म्हणाला. धुतलेली नोट जमवणाऱ्याच्या लेखी मेलेली असते. मी इस्त्री हिसकावून त्याच्याच मनगटावर दाबली. कातडी चरचरली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "घाईत माझाच हात लागला." ती नोट अजून माझ्या अल्बमच्या पहिल्या पानावर आहे. जाणकार विचारतात, ही खराब झालेली कशाला ठेवलीस? मी पान उलटतो.