काकांच्या बागेतला जांभळा ठिपका

माझ्या सासूबाईंना मी भर गणपतीत, सगळ्या कॉलनीसमोर चोर ठरवलं. तेही एकदा नाही, तीनदा. आणि तिन्ही वेळा रंगीत!

नवीन राज्य झालं, ह्यांची बदली भोपाळहून रायपूरला झाली आणि सासूबाईंसकट आम्ही चौबे कॉलनीत राहायला आलो. हे राजधानीच्या फायलींत बुडाले. मी रिकामी, म्हणून जवळच्या बुढापारा भागातल्या एका चित्रकलेच्या क्लासला नाव घातलं. सर म्हणाले, "एक ही बगीचा चुनिए मॅडम. बरसात, ठंड, गरमी, वहीं बैठकर बनाइए. और चश्मा उतारिए! फूल मत देखिए, रंग देखिए."

चष्मा काढला की मला फूलही दिसत नाही आणि कुंडीही. (मुलगा पाहायला आला तेव्हा मी चष्मा काढून बसले होते. त्याचं फळ सध्या मंत्रालयात आहे.)

बाग शोधायला लांब जावं लागलं नाही. शेजारी वैरागडेकाका, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. काकू गेल्यापासून ते झाडांशीच जास्त बोलत. म्हणाले, "बस ना सूनबाई, खुशाल बस. फक्त लक्ष ठेव. कोणीतरी रोज सकाळी माह्यी फुलं नेऊन राहिलं!"

पावसाळ्यात मी रोज सकाळी एका हातात छत्री, एका हातात कुंचला घेऊन बसले. स्टूल चिखलात रुतलं आणि कागदावरची जास्वंद ओघळून खाली गवतात गेली. सर म्हणाले, "इसमें कोई इन्सान डालिए, जान आएगी." मागच्या कुंपणापाशी रोज एक जांभळा ठिपका वरखाली व्हायचा. काकांची कामवाली असेल म्हणून मी तो, हातातल्या पिवळ्या फुलासकट, चित्रात घातला.

थंडीत शेवंती काढली. बोटं आखडली, पण ठिपका हजर! उन्हाळ्यात मोगरा काढला. रंग कागदावर पोचायच्या आधी कुंचल्यावरच वाळायचा, तरी ठिपका हजर! मी ह्यांना म्हटलंसुद्धा, "किती नियमाची बाई आहे हो!"

तिकडे काका हळहळत होते. "पहिल्या बहराचा मोगरा गेला, ताई!"

सासूबाई आमच्या पायरीवरून त्यांची समजूत घालत. "पोट्टे असतील हो भाऊजी. आजकालच्या पोट्ट्यांले भेवच नाही राहिलं."

आणि आमच्या देवघरात फुलांमुळे देव दिसत नसत. मला वाटे, बाजारातून आणतात.

गणपतीत कॉलनीतल्या मराठी मंडळींनी हॉलमध्ये माझी तिन्ही चित्रं ओळीनं टांगली. लोक येत, मान तिरकी करत, "छान आहे," म्हणत आणि हळूच विचारत, "काय आहे?"

मग काका आले. त्यांनी पहिल्या चित्रावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर.

"सूनबाई, हे जांभळं काय होय?"

"तुमची कामवाली ना, काका? रोज तर येते!"

"माह्याकडं कुठची कामवाली? मीच झाडतो, मीच पुसतो!"

नेमक्या त्याच वेळी सासूबाई, पूजेची नेहमीची जांभळी साडी नेसून, हातात प्रसादाचं ताट घेऊन, बरोबर चित्राखाली येऊन उभ्या राहिल्या. अख्ख्या हॉलनं आधी चित्र पाहिलं, मग त्यांना पाहिलं. ह्यांना अचानक छताच्या पंख्यात काहीतरी बिघाड दिसू लागला. मी चष्मा लावला आणि वर्षभरात पहिल्यांदा माझी चित्रं नीट पाहिली. ठिपक्याच्या हातातली पिवळी गोष्ट फूल नव्हती. आमच्या देवघरातली पितळी परडी होती!

मी मनातल्या मनात माहेरची बॅग भरायला घेतली.

सासूबाई चित्राच्या अगदी जवळ गेल्या. "ही मी?"

"आई, तसं काही..."

"मी इतकी जाडी आहो?"

"नाही हो आई, पावसानं रंग पसरला..."

"उन्हाळ्यातही पसरला? भाऊजी, तुम्हीच सांगा, कुंपणावरून वाकते तवा मी अशी दिसते काय?"

बोलून गेल्या आणि मग जीभ चावली.

काका असे हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. डोळे पुसत म्हणाले, "अवो ताई, वाकता काहून? फाटकातून या ना! मोगरा आमच्या हिनंच लावला होता. तिनं तरी काय केलं असतं, देवालेच वाह्यला असता."

सासूबाईंनी त्यांच्या हातावर एकाऐवजी तीन मोदक ठेवले.

घरी जाताना मी विचारलं, "आई, मी तर तिथंच बसलेली असायचे. तुम्हाला भीती नाही वाटली?"

"काहाची भीती? तू चष्मा काढला का मंगच मी निघत होती!"

चार दिवसांनी काकांनी उन्हाळ्याचं चित्र मागितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझं चित्र मागत होतं! मी चांगली फ्रेम करून दिलं आणि त्यांच्या बैठकीत ते कुठं लावलंय हे पाहायला गेले. बैठकीत नव्हतं. मागच्या कुंपणावर, गल्लीकडे तोंड करून, तारेनं घट्ट बांधलेलं होतं.

"एक गाय रोज तोंड घालून राहिली होती," काका खूष होऊन सांगत होते. "आता लांबूनच पाहते अन् पळते!"

माझ्या कलेचा कुणाच्या मनावर खोल परिणाम झालाच असेल, तर तो त्या गाईच्या.