बारतोंडीचा लाल

अंगणातल्या दोरीवर आम्ही दोघांनी रंगाच्या पाच पट्ट्या वाळत घातल्या. इंदूबरोबर केलेलं ते शेवटचं रोजचं काम. त्यामागची गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाय — मुलीलासुद्धा नाय. तुम्हाला सांगतो.

नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं. आम्ही वरशाला राहायचो, रोह्याला खेटून. मुंबईची एक बाई नवे कपडे काढणार होती — माती नासणार नाय, पाणी नासणार नाय, असल्या रंगांचे. एकमेकांशेजारी शोभतील असे पाच रंग निवडून द्या, म्हणाली. निवडायचे माझ्या बायकोनं, इंदूनं. झाडपाल्याचे रंग तिला तिच्या आईनं शिकवलेले. मी लाकडं फोडायचो, पाणी भरायचो, वर बडबडायचो.

चार जमले. हळदीचा पिवळा, काताचा तपकिरी, हिरड्याचा काळा, डाळिंबाच्या सालीचा हिरवट. पाचवा लाल, बारतोंडीच्या मुळांचा — तो मातकटच यायचा. आईचा असा नव्हता, म्हणायची, आणि परत भांडं चढवायची. किती वेळा? मी कंटाळलो.

"अगो, लाल तो लाल! त्या बाईला काय कळतंय?"

"तिला नाय कळत. मला कळतंय ना? तुम्ही चुलीकडं बघा."

ते मला लागलं. एवढ्याशा बोलण्यानं का लागावं? पण लागलं. पेणच्या बाजारातून मी कापडाच्या रंगाची पुडी आणली, कारखान्यातली. ती मुळं खणायला गेली तेव्हा भांड्यात ओतली. फसली की हसायचं. जेवताना विचारायचं — कळतंय म्हणालीस ना?

पट्टी निघाली ती जास्वंदीसारखी. इंदू बघतच राहिली. मग रडायला लागली.

"अवो, आईचा लाल! सापडला वो!"

उरलेलं कापडही तिनं त्याच भांड्यात बुडवलं. आणि मी? हसलो नाय. जेवण झाल्यावर सांगू म्हटलं.

रंग निवडायचा तो भर उन्हातच, असा तिचा नेम. लाल पट्टी तिनं मधोमध घातली, मागं सरून बघितलं, आणि खाली बसली. दमली असेल, म्हणून मी हात धरून उठवायला गेलो. हात सुटून पडला. असं जातं माणूस? हसता-हसता? मी तिला दोनदा म्हटलं, ऊठ गो, जेवायचंय.

मुलगी सुरतेला दिलेली. तिच्यासाठी इंदूला सकाळपर्यंत ठेवलं. सकाळी ती मुंबईची बाईच आधी आली, ठरल्याप्रमाणे. तिला कळवणार कोण? दारातली माणसं बघून चरकली. मग दोरीपाशी जाऊन तिनं लाल पट्टी हातात धरली.

"शेवटी मिळाला त्यांना," म्हणाली.

"मुळांचाच हाय," मी म्हणालो. तिनं विचारलंही नव्हतं. पट्टी तिनं पिशवीत ठेवली.

आत बायकांनी हिरवं लुगडं नेसवलं होतं. शेजारीण म्हणाली, "भाऊ, तिच्या हातचा लाल घाला तिच्यावर. जीव होता तिचा त्यात."

मी ते कापड आणलं. घडी मोडली. माझ्या हातानं इंदूला पांघरलं.