लहानूसाठी अंगठे

एका माणसाला मी फासावरून खाली उतरवलंय! अख्ख्या अंबरनाथात असं छातीठोक सांगणारा मी एकटाच. आता खरं सांगतो. अर्ज वकिलानं लिहिला, दया राज्यपालांनी केली, मी नुसता शाईचा डबा धरून हिंडलो. तोही दोनदा धोतरावर सांडला.

पण दारोदार हिंडलं की किस्से आपोआप चिकटतात, गवतातून चालल्यावर कुसळं चिकटावीत तसे. झटकली तरी एखादं राहतंच.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षं. लहानू आमच्या काडेपेटीच्या कारखान्यात लाकडं उतरवायचा. राहायला बदलापूरपलीकडच्या पाड्यावर. बांधावरून भांडण झालं नि त्यानं चुलतभावाला, गोमाला, कोयता मारला. गोमा जागीच गेला. लहानूला फाशी झाली, हायकोर्टानंही कायम केली. उरला फक्त दयेचा अर्ज. कल्याणचे वकीलसाहेब म्हणाले, "अर्जाखाली जेवढ्या सह्या-अंगठे जास्त, तेवढं बरं."

मी नि माझा दोस्त तुक्या तिथूनच निघालो. तुक्याला लिहिता-वाचता यायचं, मला बोलता यायचं. दोघं मिळून एक शिकलेला माणूस! ठरवलं, सरकारला लहानूला लटकवायचंच असेल तर आधी आमचा हा कागद वाचावा लागेल.

*

बोहनी घरूनच. बायकोला म्हटलं, "समज, मला फाशी झाली. तू अंगठा दिला असतास ना?"

"दिला असता की! पण कागद फाशी टाळायचा आहे की लवकर द्यायचा, ते आधी वाचून घेतलं असतं."

*

कारखान्याचे हेडक्लार्क भाऊसाहेब. कडक माणूस. "कायदा म्हणजे कायदा! खून केला, फाशी. विषय संपला."

आम्ही उठलो नाही. तेवढ्यात कपाटामागच्या पिंजऱ्यात उंदीर खुडबुडला. सगळ्या ऑफिसला माहीत होतं, भाऊसाहेब पकडलेला उंदीर स्वतःच्या हातानं ओढ्यापलीकडे सोडून येतात. त्यांना मारवत नाही.

मी विचारलं, "साहेब, यानं किती फायली खाल्ल्या?"

"पुष्कळ."

"आणि याला नुसती हद्दपारी?"

भाऊसाहेब लालबुंद! पेन हिसकावून सही केली आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'फाशीच्या बाजूचा आहे. तरीही सही करीत आहे.'

*

मग उल्हासनगरचा निर्वासितांचा कॅम्प. बराकीतला कापडवाला सिंधी, आम्ही त्याला साईं म्हणायचो. त्यानं सिंधीत सही केली, उजवीकडून डावीकडे. त्याच्यामागं सगळी बराक रांगेत. आमची माणसं डावीकडून भरत आलेली, त्यांची उजवीकडून. कागदाच्या मधोमध टक्कर!

मी म्हटलं, "साईं, ये सही है के मुंगी का रांग?"

"तेरे को पढ़ना नहीं आता, इसलिए मुंगी दिखती है!"

"पण तुम्ही तर लहानूला ओळखतसुद्धा नाही."

साईंनं कापडाचा तागा गुंडाळता गुंडाळता सांगितलं, "बाबा, हम उधर से बहुत मुर्दे देखके आए हैं. एक कम होता है तो दूसरा कागज़ भी ला."

*

लहानूच्या पाड्यावर पोचलो तर एक म्हातारा दहाही बोटं शाईत बुडवून तयार!

"आजोबा, एका माणसाचा एकच अंगठा."

"का? धा बोटा हायेत, धा मानसा धर."

"तसं चालत नाही. कायदा आहे."

"फाशी येकालाच हाय ना? मंग चूल साऱ्या घराची का इझते? तवा न्हाय मोजत तुजा कायदा!"

 

*

वकीलसाहेबांनी शेवटी बजावलं होतं, "गोमाच्या बायकोचा अंगठा मिळाला तर तो शंभरांना भारी."

ती ठकी. त्याच पाड्यावर, लहानूपासून चार घरं सोडून. तुक्या म्हणाला, "मी नाही येत. कुठल्या तोंडानं मागायचं?" त्याला ओढतच नेला. एवढं हिंडून एका दारासाठी लहानूला मरू द्यायचा?

ठकी अंगणात भात कांडत होती. ऐकून घेतलं. मुसळ थांबलं नाही.

"वाचा," म्हणाली.

तुक्यानं वाचलं. 'घरी बायको, दोन लहान पोरं. कमावणारा हात हा एकच. तो गेला तर ही माणसं उघड्यावर पडतील. त्यांचा काय गुन्हा?'

मुसळ थांबलं. ठकीनं लुगड्याला अंगठा पुसला, माझ्या डब्यात बुडवला आणि कागदावर दाबला. चांगला जोर देऊन. तुक्या फुंकर मारत बसला.

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, "ठकीबाई, मोठं मन तुमचं!"

"मन कशाचं? वाचलंव त्ये समदं माज्याच घरचं हाय. माजा मानूस मेला तवा ह्यो कागुद घेऊन कोन हिंडला?"