काळ्या तबकडीचं घड्याळ

मनगटी घड्याळांचं वेड मला नवव्या वर्षी लागलं. माझे मामा तंजावरहून आमच्याकडे कुंभकोणमला आले होते. अंघोळीला जाताना त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "सांभाळ रे." मी ते कानाला लावलं. मामा अंघोळ आटोपून, संध्या करून पानावर येऊन बसले तरी मी ते कानापासून दूर केलं नव्हतं. शेवटी आईनं माझ्या हातातून काढून घेतलं, तेव्हा मी रडलो होतो म्हणे.

आज माझ्याकडे पन्नासच्या वर घड्याळं आहेत. सगळी चावीची; सेलवर चालणाऱ्या घड्याळात मला कधी जीव वाटला नाही. कपाटाच्या दोन खणांत मऊ कापडावर ती मांडून ठेवलेली असतात आणि रविवारी सकाळी एकेक काढून मी त्यांना चावी देतो. बायको म्हणते, "लोक रविवारी मुलानातवंडांना फोन करतात. तुम्ही यांची चौकशी करा." तिच्या बोलण्यात राग नसतो. निदान पूर्वी नसायचा.

माझं औषधांचं दुकान महामहम् तळ्याकडून येणाऱ्या रस्त्यावर आहे. दुकानाला लागून एक अरुंद गाळा होता. त्यात एक म्हातारे घड्याळवाले बसायचे. समोर काचेची पेटी, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. मी दुकान सुरू केलं त्याच्या कितीतरी आधीपासून ते तिथं होते. आम्ही घरात मराठी बोलतो आणि उंबरठ्याबाहेर तमिळ. त्यामुळे त्यांच्याशी माझं सगळं बोलणं तमिळमधून. मी त्यांना अय्या म्हणायचो आणि ते मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ. घड्याळ उघडायचं कसं, बॅलन्सच्या चाकाला श्वाससुद्धा लागू न देता ते उचलायचं कसं, हे मला त्यांनीच शिकवलं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी त्यांच्या बाकावर जाऊन बसायचो. वीस-बावीस वर्षं असं चाललं.

त्यांच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. दुरुस्तीला टाकलेली आणि कुणी न्यायला न आलेली घड्याळं त्यात असायची. प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. तीन वर्षं वाट बघायची आणि मग कुणाला हवं असेल तर देऊन टाकायचं, असा त्यांचा नियम होता. ते 'कुणाला' म्हणजे बहुतेक वेळा मीच. माझी निम्मी घड्याळं त्या डब्यातली आहेत.

त्यातलं एक घड्याळ मला डब्यात दिसल्यापासून खुणावत होतं. काळी तबकडी, पिवळट पडलेले काटे, खाली सहाच्या जागी सेकंदाचा वेगळा छोटा काटा. बाकी दशा वाईट होती. काच तडकलेली, पट्टा तेलकट, मागचं झाकण ओरखड्यांनी भरलेलं. पण ते दुर्मीळ होतं आणि मला ते ओळखता येत होतं. तीन वर्षं भरायला चार-पाच महिने बाकी असतानाच मी म्हटलं, "अय्या, हे आता कोण नेणार?"

त्यांनी चिठ्ठी वाचली. "तिरुनागेश्वरमचा माणूस आहे. देवळात तविलचा ढोल वाजवतो. येईल बहुतेक."

"इतक्या दिवसांत आला नाही तो आता काय येणार?"

मी पुढचे दोन-तीन आठवडे त्यांच्या मागेच लागलो. शेवटी एका दुपारी त्यांनी ते माझ्या हातावर ठेवलं. मला नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही.

घरी आणून मी त्या घड्याळाचं रूप पालटलं. नवी काच बसवली, पट्टा बदलला, तबकडी साफ केली. मागचं झाकण पॉलिश करायला घेतलं तेव्हा भिंगातून दिसलं की त्यावरचे सगळेच ओरखडे ओरखडे नव्हते. सुईनं कोरल्यासारखे काही आकडे होते, एकाखाली एक. दुरुस्ती करणारे कारागीर स्वतःच्या खुणेसाठी झाकणावर आकडे टाकतात, तसंच काहीतरी असेल म्हणून मी ते वाचलेसुद्धा नाहीत. दोन संध्याकाळी खपून झाकण घासलं. आरशासारखं झालं. माझ्या साऱ्या संग्रहात इतकं देखणं घड्याळ दुसरं नव्हतं.

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची. त्यानंतर दोनेक महिन्यांनी एका सकाळी अय्या माझ्या दुकानात आले. त्यांच्यामागे पस्तिशीतली एक बाई होती. केसात कनकांबराचा, म्हणजे अबोलीचा गजरा, हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून काढलेली पावती, तेल लागून पारदर्शक झालेली.

"तंबी, ते काळ्या डायलचं घड्याळ," अय्या म्हणाले. "ही त्या तविलवाल्यांची मुलगी. वडिलांना अर्धांगवायू झाला होता, ते पडूनच होते. गेल्या महिन्यात वारले. त्यांच्या पानसुपारीच्या पिशवीत ही पावती मिळाली. मुदत संपायला अजून दोन महिने आहेत. माझीच चूक झाली. तू देऊन टाक, मी तुला दुसरं काहीतरी शोधून देईन."

त्यांनी ते असं सांगितलं, जणू मी देणार हे ठरलेलंच होतं. मीही देणारच होतो. निदान आज मला तसं मानायला आवडतं. पण तोंडातून जे निघालं ते हे: "अय्या, ते माझ्याकडे नाही. चेन्नईच्या एका गृहस्थांना देऊन टाकलं."

घड्याळ त्या वेळी माझ्या घरी, चालत दहा मिनिटांवर, कापडावर पडलेलं होतं.

अय्यांचा चेहरा पडला. "त्यांना फोन करून बघ ना."

मी फोन काढला, एक नंबर लावल्यासारखं केलं, कानाला धरला. "उचलत नाहीत," म्हटलं. ती बाई गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून माझ्याकडे बघत होती. तिच्या बघण्यात संशय नव्हता, नुसती आशा होती. मी आणखी एकदा लावल्यासारखं केलं.

अय्या तिला म्हणाले, "अम्मा, माझ्याकडचं कुठलंही घड्याळ घेऊन जा. कुठलंही." त्यांनी काचेची पेटी उघडली. पेटीत विकायला ठेवलेली तीन-चार नवी घड्याळंही होती.

"दुसरं घेऊन काय करू अय्या?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "अण्णा, ते फोनवर भेटले तर एवढं सांगा, की आम्हाला ते परत हवंय. आमचं घर देवळाच्या उत्तरेच्या रस्त्यावर आहे, फुलवाली म्हणून विचारलं तरी कुणीही दाखवेल."

ती गेली. अय्या त्या दिवशी जेवायलाही घरी गेले नाहीत. पाच-सहा वेळा त्यांनी मला विचारलं, "चेन्नईवाले भेटले का?" प्रत्येक वेळी मी काहीतरी सांगितलं. परगावी गेलेत. विचार करून सांगतो म्हणाले. द्यायला तयार नाहीत. खोटं एकदा बोललं की त्याला रोज नवं काहीतरी खायला घालावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. आणि मी, निर्लज्जासारखा, ते घड्याळ मनगटाला लावू लागलो. दुकानात नाही. फक्त लांबच्या कार्यांना.

वर्षभरानं पापनाशमला एका ओळखीच्यांच्या घरचं लग्न होतं. मी काळ्या तबकडीचं घड्याळ घालून गेलो. अय्यांना तिथं आमंत्रण असेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. जेवणाच्या पंगतीसाठी आम्ही मंडपात उभे होतो, तेवढ्यात शेजारून ओळखीचा आवाज आला.

"तंबी, किती वाजले?"

इतक्या वर्षांच्या सवयीनं माझा हात आपसूक वर आला. "अकरा दहा," मी म्हणालो, आणि मग माझं मलाच उमगलं.

अय्या माझ्या मनगटाकडे बघत होते.  चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझा हात स्वतःच्या हातात घेतला, कानाजवळ नेला आणि ऐकलं.

"बरोबर चाललंय," ते म्हणाले. "चालायलाच पाहिजे. त्याचा बॅलन्स मीच बसवला होता. त्या माणसासाठी."

"अय्या, मी..."

"पंगत बसतेय," ते म्हणाले आणि पुढे गेले. माझ्यापासून चार पानं सोडून बसले.

त्यानंतरही आम्ही शेजारीच होतो. मी दुकान उघडताना ते मान हलवायचे, मीही हलवायचो. पण दुपारी बाकावर जाऊन बसायचं धाडस मला झालं नाही आणि त्यांनीही कधी बोलावलं नाही. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी शंभरदा ठरवलं, की उद्या त्यांच्यासमोर ते घड्याळ नेऊन ठेवायचं. मधे एक भिंत होती, तीही अर्ध्या विटेची. त्यांचं खोकणं मला ऐकू यायचं. पुढं त्यांचे हात कापायला लागले, चिमट्यातून स्क्रू सुटायला लागले, आणि एका पोंगलनंतर त्यांनी गाळा उघडलाच नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ते गेल्याचं कळलं. मी जाऊन आलो, हार घातला. त्यांचा मुलगा म्हणाला, "अप्पा तुमचं नाव काढायचे. तुम्ही त्यांचे चांगले विद्यार्थी होता म्हणायचे." हे ऐकून मी घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं.

 सांगून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "अहो, त्या बाईला तरी नेऊन द्या. आणि तोंडानं खरं सांगा."

पुढच्याच रविवारी मी तिरुनागेश्वरमची बस धरली. रविवारी दुपारी साडेचारला तिथल्या राहूच्या देवळात राहूकाळातला दुधाचा अभिषेक असतो, त्यामुळे गर्दी मरणाची. उत्तरेच्या रस्त्यावर ती फुलांच्या टोपल्यांमागे बसलेली सापडली. वय वाढल्यासारखी दिसत होती. मला तिनं क्षणात ओळखलं.

"अण्णा! सापडलं?"

रस्ताभर मी वाक्यं जुळवली होती. घड्याळ माझ्याकडेच होतं. मी खोटं बोललो. मला माफ करा. पण तिच्या त्या 'सापडलं?' मध्ये माझ्यासाठी उत्तर तयार होतं, आणि मी ते उचललं.

"हो," मी म्हणालो. "त्या गृहस्थांनी परत दिलं."

तिनं हात पदराला पुसले, घड्याळ घेतलं, तबकडीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. सरळ उलटं केलं. तिचा अंगठा त्या गुळगुळीत झाकणावरून वरून खाली फिरला. पुन्हा फिरला.

"इथं आकडे होते," ती म्हणाली.

मी टोपलीतल्या फुलांकडे बघायला लागलो.

"चार, सात, तीन, बारा, एक, दहा, नऊ. रविवारपासून शनिवारपर्यंत राहूकाळ कधी लागतो ते, वरचा अर्धा तास सोडून नुसते तास. अप्पा पहिल्यांदा देवळात वाजवायला लागले तेव्हा त्यांनी सुईनं कोरले होते, वेळ चुकू नये म्हणून. पुढं त्यांना पाठच झाले. पण मी आकडे शिकले ते या झाकणावर. त्यांच्या मांडीवर बसून, बोट फिरवत."

राहूकाळाच्या वेळा इथल्या प्रत्येक घरात कॅलेंडरवर असतात. माझ्या दुकानातही आहेत. मी ते आकडे वाचले असते तर अर्ध्या मिनिटात ओळखले असते. हात तिथंच थांबला असता का, हे मात्र मला सांगता येत नाही.

"पॉलिश केलं असेल," मी कसंबसं म्हणालो. "संग्रह करणारे करतात तसं."

"त्यांना काय माहीत," ती म्हणाली. त्या नसलेल्या गृहस्थांची बाजू घेऊन ती मलाच समजावत होती. "त्यांनी चांगलं व्हावं म्हणूनच केलं असणार. नाहीतर परत कोण देतं हो? त्यांना माझा नमस्कार सांगा. आणि अय्यांनाही सांगा. त्या दिवशी किती वाईट वाटलं होतं त्यांना."

"अय्या गेले," मी म्हणालो.

"अरेरे." तिनं घड्याळ मनगटावर बांधलं, पट्टा तिला मोठा होत होता. मग टोपलीतून हातभर कनकांबराचा गजरा तोडून, केळीच्या पानात गुंडाळून माझ्या हातात दिला. "घरी वहिनींना द्या."

तेवढ्यात देवळातून तविलचा आवाज आला, अभिषेक सुरू झाला आणि गिऱ्हाइकांनी तिला घेरलं. मी थोडा वेळ तिथंच उभा होतो. गर्दी ओसरली की सांगू, असं मनात म्हणत होतो. गर्दी ओसरली तेव्हा मी बसमध्ये होतो.

घरी बायकोनं दार उघडलं. गजरा बघून तिचा चेहरा उजळला. "दिलंत ना? सांगितलंत?"

"दिलं," मी म्हणालो.

ती वाट बघत उभी राहिली. मी चपला काढून आत गेलो, पाणी प्यायलो, पंख्याखाली बसलो. तिनं पुन्हा विचारलं नाही. तो गजरा तिनं माळला नाही, देवालाही वाहिला नाही. केळीच्या पानासकट स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून दिला. सोमवारी सकाळी मी दुकानाला निघालो तेव्हाही तो तिथंच होता.