जुन्याला कुलूप

सदाशिवभावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. फोन कुसुमचा, त्यांच्या बायकोचा. ती रडत नव्हती. म्हणाली, "ताई, जेवलं, ताट सोताच उचलून ठिवलं, खुर्चीत बसलं आन् तितंच डोळा लागला. उठवाया गेले तर…" पंचाहत्तरी ओलांडलेली, दुखणं नाही, कुणाला त्रास नाही. जाताना ताटसुद्धा मोरीत ठेवून गेले. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू का? कॉम्प्युटर बंद करायची त्यांची रीत हीच होती. "वहिनी, धाडकन बटण दाबायचं न्हाय. त्याला आवराआवर करू द्यायची, मग बटण," हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल. दुसरा विचार आला तो मात्र बोचला. गेली कित्येक वर्षं मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती, आज सांगू उद्या सांगू म्हणत ती राहूनच गेली.

भावजी म्हणजे आमच्या मालकांचे मावसभाऊ, निमगाव केतकीचे. टेलिफोन खात्यात होते. खांबावर चढून तारा जोडण्यापासून सुरुवात केली आणि एक्सचेंजमधल्या मोठ्या कपाटांपर्यंत पोचले. तिथं त्यांनी एक शिस्त अंगात मुरवली होती. कुठलीही तार सोडवायच्या आधी ती कुठं होती ते वहीत लिहायचं, आणि एका वेळी एकच तार सोडवायची. लग्नात मांडवाची वीज गेली तरी हे गृहस्थ आधी वही काढणार. लोक हसायचे, पण वीज यायची.

माझा बारामतीत टायपिंगचा क्लास होता. मी सातवी शिकलेली, पुढचं सगळं बघून बघून शिकले, तसंच टायपिंगही शिकले. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला मुली विचारायला लागल्या, बाई, कॉम्प्युटर कधी आणणार? मग एका ऑफिसनं काढून टाकलेला एक कॉम्प्युटर मिळाला. त्यात व्हायरस इतके की अक्षरं पडद्यावरून खाली गळायची. भावजी आले, बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, हे सारवून नवं घालू. लिनक्स म्हणून हाय एक, कॉम्प्युटर चालवणारं. मासिकाबरोबर सीडी आलीया. कुणाचं मिंधं व्हायला नको." मी म्हटलं, घाला. मला काय ठाऊक त्या एका 'घाला'त तीन रविवार जाणार आहेत.

कारण आमच्या कॉम्प्युटरचा सीडी घालायचा खण त्या लिनक्सला ओळखूच येईना. मग भावजींनी घरच्या कॉम्प्युटरवरून त्या सीडीतला माल चाळीसेक फ्लॉप्यांवर उतरवला आणि पुढच्या रविवारी एसटीनं पिशवी घेऊन हजर. एकेक फ्लॉपी घालायची, कुरकुर ऐकायची, काढायची, पुढची घालायची. मी घालणार, ते वहीत खूण करणार. तेविसावी खराब निघाली. मी म्हटलं, चोविसावी घाला की. "तसं चालत न्हाय. मधली पायरी न्हाय तर माडीवर कसं जाणार?" झालं, एका फ्लॉपीसाठी पुढचा रविवार. ती फ्लॉपी घेऊन ते आले तेव्हा आमच्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, दारातच म्हणाल्या, "सदा, येवढ्यात म्हशीची दोन रेडकं झाली असती रं." भावजी म्हणाले, "व्हय मावशी, पर म्हस टायपिंग करत न्हाय."

शेवटी लागलं एकदाचं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि ते विचारतंय, कोण आहेस? भावजींनी लिहिलं, रूट. आत्याबाईंनी विचारलं, हा रूट कोण? "मावशी, रूट म्हंजी तुमी. घरात कुणालाबी न विचारता कायबी करायची मुभा. रूटला कॉम्प्युटर कधी न्हाय म्हनत न्हाय." आत्याबाईंना हे फार पटलं. पुढं कितीतरी दिवस मी चहात साखर कमी घातली की म्हणायच्या, "आगं, रूटनं सांगितलंय, घाल." चित्रं, खिडक्या असलं काही दाखवायला भावजी गेले तर पडद्यानं लांब शिट्टी मारली. त्यांनी झटकन वायर ओढली, वहीत लिहिलं, आणि म्हणाले, "वहिनी, आपल्याला अक्षरंच बरी." तेव्हापासून आमचा क्लास अक्षरांवर चालला. लोडशेडिंगनं मधेच वीज गेली की दुसऱ्या वेळी चालू होताना लिनक्स सगळी डिस्क तपासत बसायचं. तेवढ्यात माझा चहा होऊन जायचा.

भावजींचा जेवणाचा डबा मात्र सांगितलाच पाहिजे. तीन पुडांचा, जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. वरच्या पुडात बूट फ्लॉपी, मधल्यात रूट फ्लॉपी, खालच्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. कॉम्प्युटर उठलाच नाही तर या दोन फ्लॉप्या घालून त्याला बाहेरून उठवायचं, म्हणून त्या कायम बरोबर. मी म्हणायची, भावजी, फ्लॉप्यांना वेगळी पेटी घ्या. "पेटी इसरंन मी. डबा इसरतो का कधी?" हे त्यांचं उत्तर.

तर त्याच कॉम्प्युटरवर मी आत्याबाईंच्या आठवणी उतरवायला सुरुवात केली. दुपारी क्लास रिकामा असायचा. त्या पाय पसरून बसायच्या आणि सांगायच्या… निरवांगीला नवी नवरी म्हणून आल्या ते, छप्पनला घरच्यांनी धम्म घेतला तेव्हा सासऱ्यांनी देव्हारा रिकामा केला आणि त्याच कोनाड्यात मुलांच्या पाट्या ठेवल्या ते, घरातली पहिली मुलगी शाळेत गेली ते. कॉम्प्युटरला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. "माझं इंग्रजीत लिवतीस व्हय?" म्हटलं, आत्याबाई, कापड इंग्रजी, अंग तुमचंच. हे सगळं त्या एका डिस्कवर होतं, दुसरीकडं कुठंच नाही. आणि आत्याबाई विसरायला लागल्या होत्या. सकाळी सांगितलेलं दुपारी त्यांना नवं वाटायचं. गेलेलं पुन्हा मिळणार नव्हतं.

अशात भावजींनी ठरवलं, लिनक्सचं कर्नल बदलायचं. कर्नल म्हणजे त्याचा गाभा. मी त्याला इंजिन म्हणायची. नवं इंजिन घातलं की प्रिंटर चालणार होता आणि आत्याबाईंची पानं कागदावर येणार होती. एका रविवारी येऊन ते नवं इंजिन फ्लॉपीवर देऊन गेले आणि मंगळवारी फोनवरून एकेक हुकूम सांगायला लागले. मी कागदावर लिहून घेतले. नवं डिस्कवर ठेवा. जुनं हाय तसं राहू द्या, त्याचं नाव 'जुनं'. शेवटी लिलोला सांगायचं… लिलो म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना इंजिन कुठं ठेवलंय ते दाखवणारा वाटाड्या. त्याला नवा पत्ता दिलाच पाहिजे. "आता शेवटची वळ लिवा," ते म्हणाले, आणि फोन कट झाला. टेलिफोन खात्यातल्या माणसाचाच फोन कट झाला. पुन्हा लागेना.

मी वाट बघितली. आत्याबाई येऊन बसल्या, त्यांनी शाळेची गोष्ट पुढं सांगितली, मी टाइप केली, आणि कॉम्प्युटर म्हणाला, जागा नाही. आता पान साठवायला जागा पाहिजे. मी फडताळ आवरल्यासारखी डिस्क बघत गेले. नवं इंजिन आलेलं, आणि शेजारी हे जुनं एवढं थोरलं बसलेलं. नवा कुकर आल्यावर जुना कशाला ठेवायचा? मी रूट होते. पुसलं. पान लगेच मावलं. मी रीतसर कॉम्प्युटर बंद केला, आणि दुसऱ्या दिवशी तो उठलाच नाही. दोन ओळी आल्या आणि खाली, सिस्टिम बंद.

फोन लागला तसे भावजी गुरुवारी रजा टाकून आले. मी त्यांना एवढंच सांगितलं, "बंद केला, मग उठंना झाला." जुनं पुसल्याचं मात्र सांगितलं नाही. आत्याबाई समोर बसलेल्या, मुली दारात, आणि मी क्लासची बाई… ते कपाळाला हात लावून म्हणाले, "माझंच चुकलं वहिनी. शेवटची वळ सांगायची राहिली. लिलोला नवा पत्ता मिळालाच न्हाय." मग म्हणाले, "पर पत्ता जुना आसला तर जुनं तरी उठाया पायजे हुतं." मी म्हटलं, "मला काय म्हाईत भावजी, तुमचं इंजिन."

त्यांनी डबा उघडला. बूट फ्लॉपी चालली. रूट फ्लॉपी घातली तर घुर्र घुर्र, आणि चूक. पुन्हा घातली, पुन्हा चूक. काढून बघितली तर तिच्या पत्र्यावर तेलाचं बोट. खालच्या पुडातली चटणी मधल्या पुडात चढली होती. त्या फ्लॉपीला लसणाचा वास येत होता. एरवी मी हसून लोळले असते. त्यांनी पत्रा सरकवून कापसानं, स्पिरिटनं, नवजात पोराचे कान पुसावेत तशी ती फ्लॉपी पुसली. आत्याबाईंनी विचारलं, "सदा, माझी शाळा गेली का रं त्यात?" ते म्हणाले, "न्हाय मावशी. हितंच हाय. दार तेवढं आडकलंय." तिसऱ्यांदा फ्लॉपी घातली… कुरकुर चालू राहिली, राहिली, आणि पडद्यावर अक्षरं आली. डिस्क उघडली. आत्याबाईंची सगळी पानं जागेवर होती. भावजींनी पहिलं पान मोठ्यानं वाचलं, इंग्रजी अक्षरांतली ती मराठी अडखळत, आणि आत्याबाई मधेच म्हणाल्या, "आरं, धाकटी न्हवं, थोरली गेली शाळंत पयली."

नंतर ते बराच वेळ काहीबाही बघत बसले. एक लांब यादी पडद्यावरून वर सरकत गेली. एका जागी ते थांबले. मग वहीत लिहिलं, चार बिनकामाच्या गोष्टी पुसून जागा केली, बूट फ्लॉपीवरून जुनं इंजिन पुन्हा ठेवलं, नवं ठेवलं, लिलोला पत्ते दिले आणि म्हणाले, "चला, भाकरी खाऊ. चटणी कमी हाय, फ्लॉपीनं खाल्ली."

पुढच्याच आठवड्यात प्रिंटर चालला. आत्याबाईंच्या आठवणी नंतर मुलींनी मराठी अक्षरांत उतरवल्या, त्याची छोटी पुस्तिका निरवांगीत घरोघर गेली. आत्याबाईंनी ती उलटी धरून वाचली आणि म्हणाल्या, बरोबर हाय. सगळं गोड झालं. माझंच तेवढं राहिलं. भावजी कुणाला शिकवायला बसले की सांगायचे, "एकदा मी फोनवर आर्धं सांगितलं आन् मावशीची पानं जायला आली हुती. पुरं सांगायचं," आणि मी पदर तोंडाला लावायची. एकदा धीर करून विषय काढला, "भावजी, त्या वेळी ना…" तर म्हणाले, "वहिनी, चहा टाका." गंमत म्हणजे काही वर्षांनी डिस्क पुन्हा भरली. मी जुनं पुसायला गेले, या वेळी नवं व्यवस्थित चालत होतं म्हणून. तर कॉम्प्युटर म्हणाला, परवानगी नाही. मला, रूटला! भावजींना विचारलं तर डोळे मिचकावत म्हणाले, "वय झालंया त्याचं. जरा हट्टी झालंय. ऱ्हाऊ द्या."

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी निमगावला गेले. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि कुसुमनं तो तीन पुडांचा डबा माझ्यासमोर ठेवला. "ह्यो तुमालाच द्यायचा, आसं म्हनायचं." वरच्या पुडात बूट, मधल्यात रूट. खालच्या पुडात भाकरीच्या जागी वही, दुमडून बसवलेली. कितीतरी गावांचे, कितीतरी घरांचे कॉम्प्युटर त्यात होते. काय होतं, काय सोडवलं, काय जोडलं. मी बारामती शोधत गेले. तो गुरुवार सापडला. त्यांचं ते बारकं, तिरकं अक्षर:

"दिलेला प्रत्येक हुकूम यादीत ऱ्हातो, हे वहिनींना म्हाईत न्हाय. जुनं पुसलं हाय. मावशीच्या पानाला जागा पायजे हुती म्हनून. ते पान जुन्याच्या जागेवर जाऊन बसलं. सांगत न्हाईत, विचारायचं न्हाय. जुन्याला कुलूप घातलं. आता रूटलाबी पुसता येनार न्हाय."

मी तिथं, त्या भरल्या मांडवात, हसायला लागले. कुसुम घाबरली, मग वही तिला वाचून दाखवली तर तीही हसायला लागली आणि मग आम्ही दोघी रडलो, पण आधी हसलो हे खरं.

तो कॉम्प्युटर अजून क्लासच्या कोपऱ्यात आहे. मुलगा म्हणतो, आई, भंगारात दे. परवा मी त्यावरचं कापड काढलं आणि बटण दाबलं. डिस्क खडबडली, पण फिरली. लिलोनं विचारलं, कुठलं? मी लिहिलं, जुनं. अक्षरं सावकाश वर सरकत गेली, त्यानं सगळी डिस्क तपासली, मी चहा करून आले. मग रूट म्हणून आत गेले आणि मुद्दाम, एकेक अक्षर जपून, जुनं पुसायचा हुकूम दिला. परवानगी नाही.

"व्हय भावजी," मी म्हटलं, "मीच पुसलं हुतं." आणि चहा प्यायले. मग त्याला आवराआवर करायला वेळ दिला, आणि बटण बंद केलं.