अंगठ्याचं काम

टाइपिंगचे मास्तर दुकानात शिरले ते स्वतःचा फोन बंद करून, रुमालात गुंडाळून, वर दोन गाठी मारून. चावरं मांजर पिशवीत घालून आणावं तसा.

"बिघडलाय?" दुरुस्तीवालीने विचारलं.

"त्याला काय धाड भरलीय! मला बटणांचा फोन हवाय. खरी बटणं. दाबली की दाबल्यासारखी वाटतील अशी."

दुरुस्तीवाली हसली. तिच्याकडे जुने फोन नीट करून विकायला असत आणि बटणांचा फोन मागणारी दोन-चार हट्टी गिऱ्हाइकं महिन्याकाठी यायचीच. पण मास्तरांना बघून ती स्टुलावरून उठून उभी राहिली. पंचवीस वर्षांपूर्वी तिने त्यांच्याच क्लासात, खिडकीजवळच्या मशीनवर, दोन महिने बोटं मोडून घेतली होती.

मास्तरांचा क्लास म्हणजे जिन्याखालची लांबट खोली, अकरा मशिनं आणि शाईच्या रिबिनीचा वास. मास्तर मुलांकडे पाठ करून फळ्याजवळ उभे राहायचे आणि कानाने वाचायचे. मागून कुणाचा ठोका चुकला की न वळता सांगत, "तिसरं मशीन, 'क' च्या जागी 'प' मारलास." मुलं चाट पडायची. त्यांचे नियम मोजकेच होते. मशीनकडे बघायचं नाही. लिहिलेलं परत वाचायचं नाही, ते कच्च्याचं लक्षण. अंगठा अडाणी, त्याचं काम एकच, दोन शब्दांमध्ये जागा सोडायची. आणि कुणी म्हणालं, 'मास्तर, बोट चुकलं,' तर ते भडकायचे. "बोट चुकत नाही! मनात असतं तेच बोट सांगून टाकतं."

हे वाक्य त्यांनी बत्तीस वर्षं दुसऱ्यांना ऐकवलं. त्याचा फटका आपल्याला बसेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

क्लास दोघा भावांचा होता. एके दिवशी थोरला, म्हणजे दादा, म्हणाला, "आता तुझी खडखड कोण ऐकणार?" आणि समोरच्याच इमारतीत त्याने कॉम्प्युटरचे वर्ग काढले. निम्मी मुलं रस्ता ओलांडून गेली. मास्तरांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. दादाच्या मुलीच्या लग्नाला जायचं का, असं बायकोने विचारलं तेव्हा ते म्हणाले, नको. दादा दुसऱ्या गावी राहायला निघाला, भेटून यायचं का? नको. निदान पत्र? नको. अशी अठरा वर्षं गेली. एवढा राग धरून ठेवायलाही कष्ट पडतात, पण मास्तर कष्टाळू होते.

मग एका सकाळी फोनवर दादाचा निरोप आला. 'बरं नाहीये. चार दिवस तुझ्याकडे येऊ का?'

मास्तर किती तरी वेळ खुर्चीत बसून राहिले. राग कुठे गेला ते त्यांनाच कळेना. त्यांनी काचेवर बोट चालवलं, 'ये' लिहिलं, पाठवलं. परत वाचायचा प्रश्नच नव्हता. फोन बाजूला ठेवतात तोच पडद्यावर दादाचं उत्तर झळकलं, 'बरं.'

त्यांनी पुढच्या खोलीत खाट लावून घेतली. दादाला उजेड सहन होत नाही म्हणून खिडकीला जाड पडदा लावला. आठवडा गेला, दुसरा गेला. "बघ," ते बायकोला म्हणाले, "स्वतःच येतो म्हणाला आणि आता भाव खातोय. अजून तोच तोरा." तिसऱ्या आठवड्यात दादा गेल्याचं कळलं.

त्या दुपारी दादाचे शब्द पुन्हा बघावेत म्हणून मास्तरांनी फोन उघडला. वर दादाचा प्रश्न होता. खाली त्यांचं उत्तर होतं, 'नको.' त्याखाली दादाचं 'बरं.'

खाट अजून तशीच आहे. मास्तर त्या खोलीत जात नाहीत. शेजारच्या खोलीत बसतात आणि टेबलावर बोटं वाजवतात.

"अहो, ती टकटक थांबवा ना," बायको म्हणते. "जीव जातो माझा."

"कसली टकटक?" मास्तर विचारतात. साऱ्या जगाचं टाइपिंग कानाने वाचणाऱ्या माणसाला आपलीच बोटं ऐकू येत नव्हती.

आणि नऊ दिवसांपूर्वी वहिनींचा निरोप आला. 'ह्यांनी तुमच्यासाठी एक डबा ठेवलाय. घेऊन येऊ का?'

पुन्हा तोच प्रश्न. मास्तरांनी फोन लावला, पण पलीकडून वहिनींचं "हॅलो" ऐकताच ठेवून दिला. बायको म्हणाली, "मी लिहिते ना, त्यात काय एवढं!" त्यावर ते म्हणाले, "माझ्या बोटाने गेलंय. माझ्याच बोटाने दुरुस्त व्हायला हवं." आणि काचेला ते हात लावेनात. वहिनी बिचाऱ्या नऊ दिवस उत्तराची वाट बघत होत्या. दहाव्या दिवशीही काही गेलं नाही तर त्या काय समजतील हे सांगायला ज्योतिषी नको होता.

म्हणून मास्तर आज दुकानात आले होते.

दुरुस्तीवालीने काउंटरवर दोन फोन ठेवले. "हा आखूड. पडद्याखाली तांदळाएवढी बटणं. दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी लिहायचं. इंग्रजी अक्षरं दाबायची, मराठी आपोआप उमटतं. आणि हा लांबोडा. पडदा सरकवला की खालून बटणांच्या रांगा बाहेर येतात. टेबलावर ठेवून बोटांनी लिहिता येतं. म्हणाल तर आपल्या मशीनच्या जागांवर अक्षरं बसवून देते."

मास्तरांनी लांबोडा सरकवला. खट्! त्यांचा चेहरा उजळला.

"बघ! याला म्हणतात फोन. नाहीतर ती काच. शब्द वर आपोआप लटकतात, बोट भलत्यावर पडतं आणि माणूस जातो जिवानिशी."

"असं काय झालं?"

मास्तरांनी सांगून टाकलं. घरात कुणाला धड न सांगितलेलं सगळं.

दुरुस्तीवाली हळूच म्हणाली, "पण मास्तर, 'य' दाबल्यावर वर 'ये', 'येतो', 'येऊ' असलं काहीतरी येणार. त्यात 'नको' कुठून येईल?"

"काचेचं काय सांगावं!" मास्तर एवढ्या जोरात ओरडले की रस्त्यावरचा माणूस थबकला. सगळं खापर त्यांनी महिनाभर त्या काचेवर फोडलं होतं. आता तिला सोडायचं म्हणजे ते फोडायचं कुणावर?

तिने वाद घातला नाही. लांबोड्यात अक्षरं बसवून दिली आणि म्हणाली, "लिहून बघा. तेच लिहा."

मास्तरांनी पाठ ताठ केली. बोटं दाटीवाटीने का होईना, जागेवर बसली. डोळे मिटले. 'ये' ला दोन ठोके लागतात. उजवी करंगळी, डावी अनामिका.

टक टक टक टक.

डोळे उघडण्याआधीच त्यांना कळलं. कान होतेच ना त्यांचे. उजवी तर्जनी, डावं मधलं, उजवं मधलं, डावी अनामिका. पडद्यावर होतं, 'नको'.

त्यांनी पुसलं. पुन्हा डोळे मिटले. चार ठोके. पुन्हा पुसलं. या वेळी तोंडाने मोठ्याने म्हणाले, "ये. ये रे दादा, ये," आणि बोटं ठेवली. चार ठोके.

दुरुस्तीवालीने तोंड फिरवून घेतलं. मास्तर रडत होते.

"काचेचं काही चुकलं नव्हतं गं," ते म्हणाले. "अठरा वर्षं एकच शब्द घोटलाय मी. बोटांना दुसरा येतच नाही."

बऱ्याच वेळाने त्यांनी लांबोडा मिटवला आणि बाजूला सरकवला.

"तो आखूड दे."

"पण तो अंगठ्यांचा आहे. तुम्हीच म्हणायचात, अंगठा अडाणी."

"म्हणूनच दे. त्याला दादाचं काही माहीत नाही."

तिने त्यांच्या रुमालाच्या गाठी सोडून सिमकार्ड आखूड फोनमध्ये घातलं, वहिनींचा नंबर काढून दिला. मास्तरांनी पहिल्या दिवशीच्या पोरासारखी बटणं शोधली. उजव्या अंगठ्याने एक दाबलं. डाव्या अंगठ्याने दुसरं. मग जन्मात पहिल्यांदा त्यांनी लिहिलेलं परत वाचलं. तेवढ्यावर भागेना, फोन तिच्यापुढे धरला. "तू वाच. मोठ्याने."

"ये," ती म्हणाली. "मास्तर, वहिनी मोठ्या ना? 'या' हवं."

मास्तर दचकले. तिला वाटलं चूक दाखवल्याचा राग आला. पण ते तो शब्द बघत राहिले, ज्याला तो जायचा होता त्याला तो आता कधीच जाणार नव्हता. मग त्यांनी पुसून, अंगठ्याने अक्षर शोधून 'या' लिहिलं. तिने वाचलं. त्यांनी पाठवलं.

वहिनींचं उत्तर लगेच आलं. 'उद्या सकाळी निघते.'

"झालं की हो मास्तर!" दुरुस्तीवाली म्हणाली आणि पाणी आणायला वळली. मास्तरांनी फोन खाली ठेवला, हात काउंटरवर टेकले. खिडकीचा पडदा धुवायला हवा, खाटेवर चादर घालायला हवी, असं काहीबाही त्यांच्या मनात येत होतं. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांना हलकं वाटत होतं.

"काय वाजवताय, मास्तर?" ती पाठमोरीच म्हणाली.

मास्तरांनी खाली पाहिलं. मग दोन्ही हात उचलून घाईघाईने खिशात घातले. खिशातही बोटं चालूच होती, चार-चार ठोके.